न धुतलेली फळं

इंदूआते आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिच्याजवळ एक पत्र्याची ट्रंक होती आणि गप्प न बसण्याची खोड होती. ती बाबांची थोरली बहीण. नवऱ्याने दुसरी बायको केली तेव्हा ती दोडामार्गाकडच्या आमच्या गावी परतली. पण तिथे थोरल्या काकांच्या घरात तिच्या पानात दुसऱ्यांदा भात वाढताना वाढणारीचा हात अडखळू लागला, तेव्हा बाबांनी तिला गोव्यात आणलं. गोव्यात म्हणजे डिचोलीपासून तीनेक मैलांवर, खाणीच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या लायनीत. लायन म्हणजे एकीला एक चिकटून असलेल्या बावीस खोल्या, पुढे मोकळं अंगण आणि अंगणाच्या टोकाला एक विहीर. बाबा खनिजाचा ट्रक चालवत. शेजारीपाजारी सगळे ट्रकवाले, क्लीनर, नाहीतर खाणीवर टोपल्या उचलणाऱ्या बायका. सगळे आमच्यासारखेच पोटामागे हद्द ओलांडून आलेले. गावातले लोक आम्हाला 'लायनीवाले' म्हणत. ती शिवी नव्हती, पण कुणाचं नावही नव्हतं.

आमची खोली लहान, तिला एकच जनेल, म्हणजे खिडकी, आणि ते उन्हाळाभर बंद ठेवावं लागे, कारण रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक ट्रकामागे लाल धूळ उठे आणि ती थेट भाताच्या तपेल्यावर येऊन बसे. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला की मी टॉवेलात उंडे पाव घेऊन यायची, आणि आई पहिलं काम काय करी तर ते झटकून घेई. दुपारी पेज, सुक्या सुंगटांची, म्हणजे सोड्यांची, किसमूर आणि लोणच्याची फोड. बाबा ट्रीप संपवून आले की त्यांच्या भुवयासुद्धा लाल असत. त्यांनी तोंड धुतलं की बालदीत खाली जो गाळ बसे तो आई विहिरीवर न ओतता लांब नेऊन ओतायची. तिला वाटे, निदान आपण तरी विहीर खराब करू नये. बिचारीची समजूत. वर डोंगर पोखरून मातीचे ढीग रचले होते आणि पावसाळ्यात ती सगळी माती ओहोळांतून थेट आमच्या विहिरीत उतरत होती. मग दिवाळीपर्यंत त्या पाण्याचा रंग जात नसे. प्यायचं पाणी वरच्या वाड्यातल्या एका घराच्या विहिरीवरून आणावं लागे. तिथे आमच्या प्रत्येक खोलीला रोज दोन कळशांची परवानगी होती. तिसरी कळशी बुडवली की माडीवरून आवाज यायचा, "बाय, पुरो!" ते 'पुरो', म्हणजे 'बास', माझ्या कानात अजून आहे. आता साठी जवळ आली, घरात तीन नळ आहेत, तरी बालदी काठोकाठ भरली की मी दचकते.

आते खाणीवर टोपल्या उचलायला जाऊ लागली आणि महिन्याभरात तिने लायनीतल्या बायकांना अंगणात जमवायला सुरुवात केली. अंगणात तेव्हा ट्रक उभे असत. श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी ती चौघींना घेऊन ट्रकांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हे मागे घेवा. आमका फुगडी घालूची आसा." ट्रक आमच्याच बापांचे, म्हणजे त्यांनी चालवायचे. ते हसले, कुरकुरले, आणि त्यांनी मागे घेतले. मग हळदीकुंकू झालं, पोरांच्या धावण्याच्या शर्यती झाल्या, भजनाचा तास सुरू झाला. आई आधी नाक मुरडायची. "ह्या रिकामटेकड्यांचा काम," म्हणायची. आते उलट म्हणायची, "वैनी, लोक एकत्र बसले नाय तर एकत्र उठतले कसे?" ज्या बायका एकमेकींच्या कळशीला कळशी लागली म्हणून भांडत, त्या संध्याकाळी एकमेकींच्या हातात हात घालून गिरक्या घेत, आणि गिरक्या संपल्या की दम खाता खाता पाण्याबद्दल बोलत. आतेला तेच हवं होतं. मला मात्र तेव्हा फुगडीचीच मजा वाटायची.

ते भाषेच्या भांडणाचे दिवस होते. कोकणी की मराठी यावरून घराघरांत, बसगाड्यांत, देवळाच्या पायऱ्यांवर लोक हमरीतुमरीवर येत. एका महिन्यात दोन्ही बाजूंची माणसं सह्या घ्यायला आमच्या लायनीत येऊन गेली. एकांनी सांगितलं, तुमची बोली ती आमचीच कोकणी. दुसऱ्यांनी सांगितलं, तुम्ही तर मुळातले मराठी. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोन-दोन ठिकाणी हवेसे झालो होतो. आतेने दोन्ही वेळा पाहुण्यांपुढे आमच्या विहिरीच्या पाण्याने भरलेले कोप, म्हणजे काचेचे पेले, ठेवले. कोपांकडे पाहून दोन्ही बाजूंनी सांगितलं की आताच चहा घेतला. त्या एका गोष्टीत त्यांचं एकमत होतं! आतेने दोघांनाही विचारलं, "नळ खंयच्या भाशेत येता ता सांगा, तेच्यार सही करतंय." दोन्ही वेळा सह्यांचे कागद पिशवीत परत गेले. मी पुढे जन्मभर मराठी शिकवली, मला माझी भाषा प्यारी आहे. पण त्या दिवसांतले ते न प्यायलेले कोप आठवले की दोन्हीकडच्या पुढाऱ्यांचा मला सारखाच संताप येतो.

मग आते पाच बायकांना घेऊन पंचायतीत गेली. मी तेव्हा दहावीत होते. अर्ज माझ्या हातचा, म्हणून मलाही नेलं होतं. सरपंच अर्ज वाचून गोड हसले. ते वाईट बोलणारे गृहस्थ नव्हते, तेच तर दुखणं होतं. म्हणाले, "बाय, चवथीक तुमच्या लायनीर येऊन पळयात. बावीस कुलपां. तुमचें घर थंय, तुमचो देव थंय. चार दीस कामाक आयिल्ल्यांक नळ दिलो जाल्यार गांवांत हांव कितें सांगूं?" कुलपांचं खरंच होतं. गणेशचतुर्थी आली की आमची लायन ओस पडायची. आमच्याकडे गणपती मूळ घरी, थोरल्या भावाकडे. धाकटे कुठेही असोत, चवथीला घरी पोचलेच पाहिजेत. कर्ज काढतील, नोकरीवर लाथ मारतील, पण चवथ चुकवणार नाहीत. आणि गोव्यातल्या माणसालाही हीच एक खूण कळते: चवथीला ज्याच्या दाराला कुलूप, तो इथला नव्हे.

आते परत आली ती चुलीपाशी बसूनच बोलली. "औंदा चवथ हयच करूची."

बाबांच्या हातातला घास तसाच राहिला. "आणि थोरल्याक काय सांगू? चवथीक घर सोडून ऱ्हवलेलो माणूस मी नाय बघलंय."

"तू जा. दर खोलीतलो एक बापयो गावाक जाऊंदे. बाकीचे हय ऱ्हवतले. लायनीचो एक गणपती."

"माणसा वाटून घेवची? दीड दिवसासाठी घर फोडूचा?"

"घर कोण फोडता, अनंता? मी दार उघडा ठेवतंय."

बाबा ताटावरून उठले. आठ दिवस दोघं बहीण-भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत, आणि आठ खोल्यांत तेच भांडण झालं. आमची आजी अजून गावी होती. तिच्या हातच्या पातोळ्यांशिवाय चवथ ही कल्पना मला करवत नव्हती, मी रडले. आते मला जवळ घेईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "रड, पण कळशी घेवन ये." शेवटी बाबा तृतीयेला एकटे गावी गेले. एसटीत बसताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. तिकडे थोरल्या काकांनी त्यांना विचारलं म्हणे, "बायका-पोरांक गोव्याक विकलंस काय?" हे बाबांनी आम्हाला कितीतरी वर्षांनी सांगितलं.

त्या वर्षी पंचायतीने आणि गावातल्या एका मंडळाने मिळून माटोळीची स्पर्धा ठेवली होती. आमच्या गावी जिला माटवी म्हणतात, तीच ही माटोळी: गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची आणि तिला रानातली, कुळागरातली फळं-फुलं बांधायची. आते म्हणाली, आपण भाग घेऊ, परीक्षक आले की सरपंचही येतील, त्यांना बावीस उघडी दारं दिसतील. गणपतीचा मांडव अंगणात, ट्रकांच्याच ताडपत्रीचा. बायका आणि पोरं चार दिवस रान धुंडाळत होती. कांगलां, कवंडळं, घागऱ्या, आंबाडे, फागलं, निरफणस, सुपारीचे घोस, तोरिंजं, मोठाली तवशी म्हणजे काकड्या. जवळच्या डोंगरावर काही उरलं नव्हतं, डोंगरच उरला नव्हता, म्हणून लाटंबार्शाच्या बाजूपर्यंत पायपीट करून आणलं. बांधायला केवणीच्या सालीचे दोर. कोणाच्या बोटांना किती चिरा पडल्या ते पुढे कोणी विचारलं नाही.

देवाच्या डोक्यावर टांगायचं म्हणजे प्रत्येक वस्तू धुवून घ्यायची. आणि इथेच अडलं. त्या आधीचे आठ-दहा दिवस पाऊस उघडला होता, पागोळ्यांखाली ठेवलेली पिंपं संपली होती आणि विहिरीत लालभडक पाणी. मी म्हटलं, "आते, प्यायच्या कळशीतल्या पाण्यान धुवया." सगळ्यांनी मिळून एकेक कळशी दिली असती तर झालं असतं. आते म्हणाली, "ता पाणी लोकाच्या बांयचा. 'पुरो' ऐकून आणलेल्या पाण्यान मी देवाचा धुवचंय नाय. आपलो गणपती, आपल्या बांयचा पाणी." आणि तिने ती फळं आमच्या विहिरीच्या पाण्याने धुतली. एकदा नव्हे, तीनदा. वाळली तेव्हा हिरवी तवशी तांबूस, पिवळी तोरिंजं विटकरी, पांढरी फुलं गंजल्यासारखी. चौकट वर चढली तेव्हा मला इतकी लाज वाटली की परीक्षक येतील तेव्हा घरात लपून बसायचं मी ठरवलं होतं. ही लाज मला कोणी शिकवली होती? आज त्या मुलीचाही मला राग येतो.

परीक्षक दुसऱ्या दिवशी सकाळी आले. फोंड्याकडचे एक निवृत्त चित्रकला शिक्षक, पांढरा शुभ्र सदरा, सोबत सरपंच. बावीस दारं उघडी होती, प्रत्येक दारापुढे रांगोळी. सरपंचांनी ती पाहिली. नाही असं म्हणू शकणार नाहीत. परीक्षक माटोळीखाली उभे राहिले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वा! गेरूचा हात फार सफाईने दिलाय. सगळीकडे एकच छटा! ही कल्पना कोणाची?"

"खाणवाल्यांची," आते म्हणाली.

ते हसले. त्यांना ती चेष्टा वाटली. आतेने नैवेद्याच्या ताटातलं एक लहान तवसं उचललं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. "प्रसाद." प्रसाद नाकारता येत नाही. त्यांनी खिशातून रुमाल काढून ते पुसलं, पुन्हा पुसलं, रुमाल लाल झाला, बोटं लाल झाली. मग ते हळूच म्हणाले, "जरा हात धुवायला पाणी मिळेल?"

आई आत जायला निघाली, वरच्या वाड्यातली कळशी आणायला. आतेने तिला मनगट धरून थांबवलं आणि विहिरीचं पाणी स्वतः त्यांच्या हातावर ओतलं. जसजसं ओतलं तसतसे हात अधिकच लाल झाले आणि पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर शिंतोडे उडाले. "ह्याच पाण्यान सगळा धुतलां," ती म्हणाली, "तीन वेळा. आमी ह्याच पाण्यान आंग धुतो, ह्याच पाण्यान पोरांचे कपडे धुतो." परीक्षकांनी सरपंचांकडे पाहिलं. सरपंच घड्याळाकडे पाहत होते, पुढे अजून सहा घरं बाकी होती. त्या परीक्षकाला कळलं होतं. हे मी शपथेवर सांगते. लपायचं विसरून मी दाराआडून नव्हे, समोर उभी राहून त्यांचे डोळे पाहिले होते.

चार दिवसांनी निकाल आला. बक्षीस नाहीच, पण प्रत्येक भाग घेणाऱ्याला अभिप्रायाचा एक छापील कागद होता. तो मी अंगणात सगळ्यांपुढे वाचला. 'रचना उत्तम. मात्र फळे न धुता वापरली आहेत. स्वच्छतेकडे लक्ष द्यावे.'

न धुता! ज्या माणसाने स्वतःच्या हातावर ते पाणी घेतलं होतं, त्याने हे लिहिलं. त्या दिवशी तो सरपंचांकडे जेवला होता म्हणून, की घाणेरडी माणसं म्हणणं हे घाणेरडं पाणी म्हणण्यापेक्षा सोपं असतं म्हणून, मला माहीत नाही. पुढे तीस वर्षं मी मुलांच्या वह्यांवर शेरे लिहिले, आणि दर वेळी लाल शाईचं पेन उचलताना तो कागद डोळ्यांपुढे आला. एकाही मुलाला मी 'गबाळा' लिहिलेलं नाही. आधी विचारलं, घरी दिवा आहे का, टेबल आहे का.

लायनीतल्या बायका आतेवर उलटल्या. "हेच्यासाठी आमका घरचो गणपती सोडूक लावलंस?" गावाहून परतलेल्या बाबांनी कागद पाहिला आणि ट्रकाकडे निघून गेले. तेच सगळ्यात जास्त लागलं. आते चुलीपुढे तांदूळ निवडत बसली. मग म्हणाली, "सुनू, ता परत वाच."

मी वाचलं.

"खाली सही कोणाची?"

"परीक्षकांची. आणि सरपंचांची. शिक्को पण आसा."

तिने सूप बाजूला ठेवलं. "मेल्यान लिवन दिल्यान गो!"

मला कळायला वेळ लागला. दुसऱ्या रविवारी पंचायतीची सभा होती. आते लायनीतल्या एकेका बाईला जाऊन उठवून घेऊन आली, ज्या उलटल्या होत्या त्यांनाही. आणि दारात बाबा उभे होते, आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून. आमच्याबरोबर चालत आले. सभेत आतेने मला उभं केलं. कागद मी खणखणीत वाचला, सह्या आणि शिक्क्यासकट. माझा तो पहिला सभेतला आवाज. सरपंच म्हणाले, "हें स्पर्धेचें. सभेंत कित्याक हाडलें?"

आतेने पिशवीतून पाण्याची बाटली काढून टेबलावर ठेवली. "तुमी शिक्को मारून लिवलात, लायनीत फळां धुवक नाय म्हणान. हेच्यान धुतली. आता ह्या पण लिवा."

बाटलीतलं पाणी विटेच्या रंगाचं होतं. मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं, मग हसणं थांबलं. पहिल्या रांगेतल्या एकाने बाटली उचलून उजेडात धरली आणि शेजाऱ्याकडे दिली. ती बाटली रांगेतून रांगेत, हातातून हातात गेली. वरच्या वाड्यातल्या त्या घरची बाईही तिथे होती. तिच्या हातात ती सगळ्यांत जास्त वेळ राहिली. झाकण कोणी उघडलं नाही. आणि बाटली फिरून टेबलावर येईपर्यंत सरपंचांना खुर्ची सोडता आली नाही.

ठराव झाला. गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या लायनीपुढे पायपाचा चर खणलेला होता. गावात पेढे वाटणारे तो चर ओलांडून आमच्याकडेही आले, आम्हीही खाल्ले. नंतर थोड्याच महिन्यांत अंगणाच्या टोकाला नळ आला. पण त्या ठरावाची नक्कल मी पुढे पंचायतीतून मागून आणली आहे आणि तिच्यातलं वाक्य मला पाठ आहे: 'चतुर्थीच्या स्पर्धेस येणारे परीक्षक व पाहुणे यांची गैरसोय टाळण्याकरिता लायनीनजीक नळजोडणी देण्यात यावी.' आमच्या बायका वर्षानुवर्षं डोक्यावर कळशा घेऊन पंचायतवाल्यांच्या दारावरून गेल्या, ती गैरसोय नव्हती. पोरांच्या अंगावर खरूज उठत होती, ती गैरसोय नव्हती. एका पाहुण्याची बाही खराब झाली, म्हणून आम्हाला पाणी मिळालं.

नळाला पहिलं पाणी आलं तेव्हा सरपंच नारळ फोडायला आले होते. बायका टाळ्या वाजवत होत्या, आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मीही नाचत होते. आते रांगेत शेवटची उभी होती. तिची पाळी आली तेव्हा तिने कळशी भरली, काठोकाठ, आणि ती माझ्या कमरेवर ठेवून म्हणाली, "भर गो, हव्या तितक्या भर. पण पाणी इला म्हणान राग इझवू नको."